किल्ली कुणाच्या कमरेला?

रातपाळी सुटली की आम्ही चारपाच जण सूतगिरणीच्या गेटासमोर चहाला थांबतो. कानात मशीनचा आवाज भरलेला असतो, म्हणून बोलतानाही ओरडून बोलतो. त्यादिवशी आमच्यातले दोघं खरोखरच एकमेकांवर ओरडले. विषय काय, तर अमेरिका.

१ जुलै २०२५ ला अमेरिकेच्या सरकारनं आपली परदेशी मदतीची कचेरी, जिला सगळं जग यूएसएड म्हणून ओळखतं, बंद केली. उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याच्या दावणीला नेऊन बांधलं. आमचा एक दोस्त म्हणाला, "बरं झालं! साम्राज्यशाहीचं दुकान बंद पडलं." दुसरा उसळला, "आरं, गरिबाच्या तोंडचा घास गेला नि तू टाळ्या पिटतोस? देणारा हात तुटला भावा!"

दोघंही जयभीमवाले. दोघांनी बाबासाहेब वाचलेले. पण माझ्या मते दोघंही चुकले. त्यादिवशी मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. देणाऱ्याचं काळीज मोठं की खोटं, यावर दोघं भांडत होते. गोदामाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे, हे एकानंही विचारलं नाही.

आधी माहिती घेऊ. घोषणा द्यायला माहिती लागत नाही, लढायला लागते.

केनेडी अध्यक्ष असताना १९६१ साली अमेरिकेत परदेशी मदतीचा कायदा झाला आणि ३ नोव्हेंबर १९६१ ला ही कचेरी उघडली. तेव्हा रशियाशी शीतयुद्ध चालू होतं. गरीब देश लाल होऊ नयेत, हा त्या मदतीमागचा उघड हिशोब होता. पुढं काम वाढत गेलं. धान्य, औषधं, लसी, शाळा, बियाणं, भूकंप-पुरातली मदत. सुमारे १३० देशांत हात पोचले. आणि याला खर्च किती? अमेरिकन सरकार शंभर रुपये खर्चतं, त्यातला एखादा रुपया परदेशी मदतीला जायचा. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नातले शंभराला सत्तर पैसे द्यावेत असं संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठरवलं होतं. अमेरिका वीस-पंचवीस पैशांच्या आसपासच रेंगाळली. पण तिथल्या सामान्य माणसाला विचारा, सरकार परदेशी मदतीवर किती घालवतं? पाहणीत लोक सरासरी चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त सांगत आलेत.

ओळखीचं वाटतं ना? आपल्या पोराला स्कॉलरशिप मिळाली की आख्खी आळी म्हणते, सरकार यांनाच सगळं देतं. ज्याला चिमूटभर मिळतं त्याच्या नावावर पोतं लिहायचं, ही रीत काही फक्त आपल्या गावची नाही.

मग २० जानेवारी २०२५ ला नवे अध्यक्ष, म्हणजे ट्रम्प, खुर्चीत बसले आणि त्याच दिवशी एका सहीनं परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसानं, इलॉन मस्कनं, जाहीर लिहिलं की शनिवार-रविवार आम्ही यूएसएडला लाकडं चिरडायच्या मशीनमध्ये घालत होतो. १० मार्चला परराष्ट्रमंत्र्यानं सांगितलं, ८३ टक्के कार्यक्रम रद्द. जुलैत कुलूप.

आता टाळ्या पिटणाऱ्या दोस्ताशी बोलतो.

गड्या, तुझा राग खरा आहे, पण तू कुणाच्या मढ्यावर टाळी वाजवतोयस ते बघ. २००३ साली अमेरिकेनं एड्सविरुद्ध मोठी योजना काढली. आफ्रिकेतल्या लाखो बायाबापड्यांना रोजची गोळी मिळू लागली, आणि त्यातलं बरंच काम याच कचेरीमार्फत चाले. ती गोळी रोज घ्यावी लागते. कुठल्या अध्यक्षाचं मन पालटलं म्हणून अंगातला विषाणू ९० दिवस थांबत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२५ साली एक अभ्यास आला. या कचेरीच्या पैशानं २००१ ते २०२१ या काळात सुमारे ९ कोटी १० लाख मरणं टळली, आणि कपात अशीच राहिली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाखांहून जास्त जादा मरणं होतील, त्यात ४५ लाखांवर पाच वर्षांखालची पोरं, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाज आहे, खाली-वर होईल. निम्मा धरला तरी ती प्रेतं मोजायला आपली बोटं पुरणार नाहीत.

दुबईच्या एका गोदामात उपाशी पोरांसाठी घेतलेली ताकदीची बिस्किटं पडून होती. वाटपाचा हुकूम द्यायला कचेरीत माणूस उरला नाही. मुदत संपली. २०२५ च्या जुलैत सुमारे ५०० टन बिस्किटं जाळून टाकायचं ठरलं. अफगाणिस्तान-पाकिस्तानातली पोरं खाणार होती ती.

लांबचं राहू दे. हैदराबादेत २०२१ साली तृतीयपंथी माणसांसाठी मित्र क्लिनिक सुरू झालं होतं. पुढं ठाण्याला आणि पुण्याला अशी आणखी दोन झाली. ज्या माणसाला साध्या दवाखान्याच्या बाकड्यावर लोक शेजारी बसू देत नाहीत, त्याला तिथं नावानं हाक मारत होते. पैसा अमेरिकेचा थांबला, तिन्ही बंद पडली. साम्राज्यशाहीचं दुकान म्हणालास, पण त्या दुकानाच्या पायरीवर आपलीच माणसं बसलेली होती. बहिष्कृताच्या दवाखान्याला कुलूप लागल्यावर टाळी वाजवायची, हे कुठल्या आंबेडकरवादात बसतं?

आता रडणाऱ्या दोस्ताकडं वळतो.

भावा, तू देणाऱ्याचा हात म्हणालास. त्या हाताचा इतिहास आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचार. ही कचेरी निघायच्या आधीच, १९५४ साली, अमेरिकेनं पी. एल. ४८० नावाचा कायदा केला होता. तिथल्या शेतकऱ्याचा गहू गोदामात मावत नव्हता, त्याला बाजार पाहिजे होता. जादा माल खपवणं हा त्या कायद्याचा लिहिलेला हेतू. १९५६ साली भारतानं करार केला. तो गहू फुकट नव्हता. आपण रुपयांत पैसे मोजत होतो, आणि ते रुपये अमेरिकेच्या नावावर इथंच साचत गेले. शेवटी १९७४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या राजदूतानं १६६४ कोटी रुपयांचा चेक परत दिला, तेव्हा तो जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून गाजला.

मधल्या काळात काय झालं? १९६५ आणि १९६६ ला पाऊस पडला नाही. बिहारात उपासमार. १९६६ साली देशानं सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं. तेव्हा जॉन्सन अध्यक्ष. भारतानं व्हिएतनामच्या लढाईवर बोललेलं त्याला खपत नव्हतं, आपलं शेतीचं धोरणही त्याला त्याच्या मनासारखं पाहिजे होतं. त्यानं गव्हाची दोरी आखूड धरली. वर्षाचा करार नाही, महिन्या-महिन्याला मंजुरी. जहाज निघालं का, एवढं विचारत दिल्ली बसायची. गहू जहाजातून थेट तोंडात जात होता. दोरी आखूड करायची असली की आधी गळ्यात अडकवावी लागते, ते काम मदतीनं केलेलं होतं.

लोक म्हणतात त्या गव्हातूनच काँग्रेस गवत आलं. मी तपासलं. पुण्यात ते गवत १९५५ च्या सुमारास दिसल्याची नोंद आहे, करार १९५६ चा. म्हणजे सगळाच दोष गव्हाच्या माथी मारता येत नाही. शत्रूविरुद्ध बोलतानाही खोटं बोलू नये. खरंच पुरेसं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रत्येक शाखेत सांगितली पाहिजे. हैती. गुलामांनी मालकांना हरवून १८०४ साली उभं केलेलं काळ्या माणसांचं राष्ट्र. १८२५ साली फ्रान्सनं लढाऊ जहाजं पाठवून सांगितलं, आमचं नुकसान झालं, भरपाई द्या. कसलं नुकसान? त्यांच्या मालकीची माणसं सुटली, ते नुकसान! १५ कोटी फ्रँक मागितले, १८३८ साली ते ९ कोटींवर आणले. ते फेडायला हैतीनं कर्ज काढलं, आणि त्याचं ओझं १९४७ पर्यंत उतरलं नाही. महारानं वेसकराची काठी टाकली म्हणून पाटलानं त्याच्याकडून शंभर वर्षं दंड घ्यावा, तसं हे. १९१५ ते १९३४ अमेरिकेचं सैन्य तिथं बसलं. १९९५ च्या सुमारास तांदळावरची जकात ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणायला लावली, आणि अमेरिकन सरकारच्या सवलतीवर पिकलेला स्वस्त तांदूळ तिथं ओतला. हैतीचा शेतकरी उठला. २०१० साली भूकंप झाल्यावर माजी अध्यक्ष क्लिंटननं तिथल्या सिनेटच्या समितीपुढं कबूल केलं की या धोरणानं माझ्या राज्यातल्या, आर्कान्सातल्या शेतकऱ्यांचं भलं झालं, पण चूक झाली. कबुली दिली, शेत कुणी परत दिलं नाही. आणि तोच हैती जगाच्या वहीत मदत घेणारा म्हणून लिहिला गेला.

जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. ज्यांनी गुलामी मोडली त्यांना नमस्कार, एवढा साफ त्याचा अर्थ. पण गुलामी मोडणं वेगळं नि सुटलेल्या गुलामाला उधारीवर ठेवणं वेगळं.

आता मी माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण मला हे सगळं तिथं कळलं.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. मालकांनी कामगारांना बोनस द्यायला सुरुवात केली. १९१९ पासून चार वर्षं साधारण महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळत गेला. कामगार समजला, हा आपला. १९२३ साली मालक म्हणाले, नफा नाही, बोनस नाही. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. सरकारनं हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती मॅक्लाऊड यांची समिती नेमली. समितीनं सांगितलं, कामगारांचा बोनसवर रूढीनं, कायद्यानं, न्यायानं कसलाच हक्क नाही. मालकानं खुशीनं दिलं होतं, खुशीनं थांबवलं.

वाचा परत. २०२५ सालच्या अमेरिकन सहीत याहून वेगळं काय होतं? त्या कचेरीमागं कायदा होता, तिथल्या संसदेनं पैसा मंजूर केला होता. पण तो कायदा अमेरिकन संसद आणि अमेरिकन अध्यक्ष यांच्यातला होता. मलावीतली गोळी घेणारी बाई त्यात कुठं होती? गोळी थांबली तर ती कुठल्या कोर्टात, कुठल्या नात्यानं उभी राहणार? तिच्या नावाची पावती नव्हती. तिला जे मिळत होतं ती बक्षिसी होती.

गिरणी कामगार बक्षिसीवर थांबला नाही. चाळीस वर्षं भांडत राहिला. १९६५ साली बोनसचा कायदा झाला, तेव्हा कुठं बोनस हा शब्द मालकाच्या तोंडातून निघून कामगाराच्या खिशात आला.

पण थांबा. त्या चार वर्षांच्या खुशीतही आपला वाटा केवढा होता? मुंबईच्या गिरण्यांत विणाईचं खातं, जिथं पगार चांगला, तिथं अस्पृश्याला पाय ठेवू देत नसत. धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे, म्हणून थुंकीचा विटाळ. महिन्याचा पगार जेवढा लहान, तेवढा बोनस लहान. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. वरून सोडलेलं पाणी उताराच्या वाटेनंच जातं, नि उतार जातीनं आधीच खोदलेला असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर जगभरातून मदत आली, आणि तिथल्या दलितांना मदतीच्या छावणीतून बाजूला काढल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. देणारा सातासमुद्रापलीकडचा असला तरी वाटणारा गावचाच असतो.

बाबासाहेबांनी ही लढाई १९३२ सालीच लढून ठेवलीय. पुणे करारानंतर सवर्ण पुढाऱ्यांनी अस्पृश्यता निवारणाचा संघ काढला, तोच पुढं हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला. बाबासाहेब सुरुवातीला त्याच्या मंडळावर होते. गोलमेज परिषदेला जाताना बोटीतून, १४ नोव्हेंबर १९३२ ला, त्यांनी संघाचे चिटणीस ठक्कर यांना लांब पत्र लिहिलं. सांगणं सरळ होतं. एकेका माणसाला सुधारण्यात पैसा घालवू नका. विहीर, शाळा, चावडी, नोकरी, इथल्या नागरी हक्कांसाठी मोहीम काढा, आणि कामाला अस्पृश्यांतली माणसं घ्या. उत्तर आलं नाही. बाबासाहेब बाहेर पडले. पुढं अस्पृश्यांनी गांधींना विचारलं, आमच्या नावाच्या संघात आम्ही का नाही? तर सांगण्यात आलं, हे पाप केलेल्यांचं प्रायश्चित्त आहे, पैसा देणाऱ्यांनीच तो वाटायचा.

हेच ते. प्रायश्चित्त तुझं, पैसा तुझा, किल्ली तुझी, नि फोटो माझा.

याचा अर्थ मदत घेऊ नये असा काढू नका. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दहा वर्षं नोकरीची अट मान्य करून. घेण्यात लाज नाही. पण घेऊन त्यांनी काय केलं? कोलंबियात बसून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा नि पैशाचा हिशोब मांडला. घेतलेल्या पैशातून देणाऱ्यांच्या जगाची वही तपासली. घेणारा असा पाहिजे.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. लाल मिलोची भाकरी नि कामावर मिळणारी सुकडी तिच्या तोंडी कायम. मी एकदा विचारलं, सुकडी चांगली असायची का गं? म्हणाली, "गोड असायची. पर मजुरी मागताना आवाज चढायचा बाबा, नि सुकडी घेताना मान खाली जायची."

माझ्या वाचण्यात आलेल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे वाक्य मोठं आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. ती नुसती राबली नाहीत, मोर्चे काढले, कचेऱ्या घेरल्या. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेनं आला. मुकादमानं खोट्या हजेऱ्या मांडल्या, मजुरी महिनामहिना रखडली, हे सगळं खरं. पण आजी तहसीलदाराच्या दारात जाऊन "माझं काम दे" म्हणू शकत होती. सुकडीच्या डब्यापुढं तिला तसं म्हणता आलं नसतं.

आणि आपले पँथर? १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्या ब्लॅक पँथरनी १९६९ साली ओकलंडच्या एका चर्चमध्ये काळ्या पोरांना शाळेआधी न्याहारी द्यायला सुरुवात केली. वाढपी वस्तीतले, हिशोब वस्तीचा. तिथल्या पोलीस खात्याच्या बड्या साहेबाला या न्याहारीचीच धास्ती वाटली! साऱ्या जगाला गहू वाटणाऱ्या देशात काळी पोरं उपाशी शाळेत जात होती, हे त्या न्याहारीनं उघडं पाडलं. १९७५ साली शाळेतल्या न्याहारीची सरकारी योजना कायमची झाली. वस्तीच्या हाती किल्ली आली की अन्नाचंसुद्धा राजकारण होतं.

तेव्हा दोस्तांनो, यूएसएड गेली म्हणून नाचू नका, नि तिचे गोडवेही गाऊ नका. मेलेल्यांच्या बाजूनं उभं राहा आणि विचारा. ज्याच्या नावानं पैसा येतो त्याचा माणूस मंडळावर आहे का? यादी चावडीवर लावलीय का? बंद करायचं झालं तर आधी कुणाला विचारावं लागेल? आणि हैतीसारख्यांचं जे देणं आहे, ते मदत म्हणून न लिहिता कर्जफेड म्हणून कधी लिहिणार?

हेच प्रश्न आपल्या दारातही. चौदा एप्रिलला आपल्याच वस्तीत वह्या वाटतो, ब्लँकेटं वाटतो, नि फ्लेक्सवर वाटणाऱ्याचं तोंड पोराच्या तोंडापेक्षा दहापट मोठं छापतो. मी पण गेल्या वर्षी त्या रांगेच्या वाटणाऱ्या बाजूला उभा होतो. एका पोरीनं वही घेताना मान खाली घातली. मला आजी आठवली. त्या वहीचा हिशोब त्या पोरीच्या आईला माहीत नव्हता, आम्ही सांगितलाच नव्हता. आम्हीही आमच्या गल्लीची छोटी यूएसएडच चालवत होतो.

यंदा वर्गणीचा हिशोब विहाराच्या भिंतीवर लावायचा, नि वाटपाच्या कमिटीत वही घेणाऱ्या घरच्या बाया बसवायच्या, असं मी मांडणार आहे. भांडण होईल. होऊ द्या. गेटावरच्या त्या दोघांनाही मी तिथं बोलावलंय.

दाता बदला म्हणून अर्ज करू नका. किल्ली मागा.

जयभीम.